फेस न आलेली बॅच

मी मुर्रीहून बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे बघू नका, दिसायचा नाही मी. सुईच्या टोकावर आमचं अख्खं गाव बसेल, एवढासा माझा जीव. जन्मानं समुद्रातला, आणि मुक्काम गोंदियाच्या कडेला, एका राइस मिलच्या मागच्या दोन खोल्यांत. इथून माझा समुद्र हजारेक किलोमीटर लांब. इथल्या कित्येकांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलाय. समुद्रातला म्हटलं की लोक मला मासा समजतात, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

कारण माशानं माझं नाव खाल्लंय. डॉक्टर गरोदर बाईला सांगतात, माशाचं तेल घ्या, बाळाच्या मेंदूला चांगलं, डोळ्यांना चांगलं. अहो, मासा कुठला ते तेल बनवतो? बनवतो आमच्यासारखे बारके जीव. आम्हाला खातात पाण्यातले किडे, किड्यांना खाते मासळी, आणि शेवटी बाटलीवर चित्र कोणाचं, तर माशाचं. राबायचं एकानं आणि मिरवायचं दुसऱ्यानं, ही रीत पाण्यातही आहे आणि जमिनीवरही.

माझं वय विचारू नका. मी वाढलो की फुटतो, एकाचे अनेक होतात, आणि त्यातला प्रत्येक जण मीच असतो. बाटलीवर माझं नाव 'आर-नऊ' लिहिलंय. माझी राखण करणारे आसारामभाऊ मला 'पाव्हणा' म्हणतात, ते मला जास्त आवडतं.

पूर्वी मी कोकणातल्या एका खाडीत, खारफुटीच्या गळलेल्या पानावर राहायचो. पान कुजवत बसायचं, दुसरा उद्योग नाही. एक दिवस एका मुलीनं गुडघाभर चिखलात उभं राहून ते पान उचललं, बाटलीत खाडीचं पाणी भरलं आणि नागपूरला नेलं. ही रश्मी टेंभरे, गोंदिया जिल्ह्यातल्याच सौंदडची. तेव्हा एम.एस्सी. करत होती. प्रयोगशाळेत तिनं त्या पाण्यावर पाइनच्या झाडाचे पराग चिमूटभर शिंपडले. पराग म्हणजे आमचं पक्वान्न. मी धावत जाऊन चिकटलो आणि अडकलो. मासळीच्या वासानं नाक दाबणाऱ्या घरातली पोर, पण गळ टाकण्यात तिनं तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांनाही मागे टाकलं.

तिचं घर महानुभाव पंथाचं. मांस-मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. तिची वहिनी प्रेमिला पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या. रश्मीची आई धनवंताबाई यांनी डबी उघडून हुंगली, झाकण लावलं आणि जशीच्या तशी परत पाठवली. प्रेमिलानंही सुटकेचा निःश्वास टाकला म्हणतात. त्या दिवसापासून रश्मीच्या डोक्यात एकच बसलं की, मासा न मारता ते तेल आपल्या घरात आलं पाहिजे. आपल्यासारखी घरं या जिल्ह्यात कमी नाहीत, असं ती सगळ्यांना सांगायची. मला तिनं शिकारीसाठी पकडलं नव्हतं, कामाला लावण्यासाठी पकडलं होतं, आणि मला ते पटलं.

आता माझा खुराक ऐका. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख, एका मिलला टेकून दुसरी मिल. भरडताना तुटतो त्या तांदळाला इथे कनकी म्हणतात. तिचं पीठ करायचं, पातळ पेज शिजवायची, पाचक, म्हणजे एन्झाइम, घालून ती गोड करायची, गाळायची, त्यात खडा मीठ टाकून समुद्राची चव आणायची, थोडं सोयाबीनचं पीठ आणि खालून हवेचे बुडबुडे. पन्नास लिटरच्या स्टीलच्या टाकीत हे सगळं गार झालं की मला आत सोडतात. समुद्राच्या जीवाला झाडीपट्टीची पेज! सुरुवातीला मी नाक मुरडलं. मग चटक लागली.

चार दिवसांत मी कोट्यवधी होतो आणि अंगात तेल साठवतो. मग मला सुकवतात, भरडतात आणि तेल काढतात. मरतो का? मरतो की. पण फ्रिजमधल्या नळीत थोडा मी नेहमी मागे उरतो, तेव्हा माझ्यासाठी कोणी डोळे ओले करू नयेत.

टाकीची राखण आसारामभाऊंकडे. मिलच्या बॉयलरवर धान उकडण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आता वयामुळे तिकडचं काम सुटलं, तर रश्मीनं इकडे बोलावून घेतलं. त्यांचं मुख्य काम फेस पुसण्याचं. मी जोरात खाऊ लागलो की टाकीत फेस चढतो, झाकणाला भिडतो, नळीतून बाहेर येतो. आसारामभाऊ ओला फडका घेऊन उभे, आणि तोंड चालूच. पाव्हणा जेवते कमी अन् सांडवते जास्त, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रश्मी वहीत लिहून ठेवायची, आज फेस दोन बोटं, आज चार बोटं.

ही टाकी रश्मीची नव्हती. नागपूरच्या एका कॉलेजानं ती वर्षभरासाठी दिली होती आणि चंद्रकुमार सर तिकडून देखरेख करत. अट एकच. माझ्या शंभर ग्रॅम सुक्या मालातून चाळीस ग्रॅम तेल निघालं पाहिजे. वर्ष संपताना कमिटी येणार, चाळीस दिसले तर टाकी इथेच, नाहीतर ती दुसऱ्या कोणाला. अकरा बॅच झाल्या आणि मी एकतीसवर अडून बसलो होतो. कधी तीस, एकदा चौतीस, पुन्हा एकतीस. रश्मीचं जेवण कमी झालं. मला काही सांगायचं होतं, पण ऐकणार कोण?

बाराव्या बॅचच्या वेळी दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस सुरू झाले. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीचा नाच होतो, नाटकं होतात, लेकी-जावई येतात, आणि कामाला माणूस मिळत नाही. मिलही बंद. रश्मी कनकी मागायला गेली तर मुनीम हसला, म्हणाला, "मॅडम, मंडई है, लेबर सोमवार के बाद." कमिटी दहा दिवसांवर आली होती. तिनं सहज आईला फोनवर हे सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी धनवंताबाई सौंदडहून गाडीनं हजर. हातात मोठी पिशवी. घरची कनकी, तीसुद्धा चक्कीवरून दळून आणलेली.

"तुले दळाचा ताप नको म्हणून पीठच करून आणली," त्या म्हणाल्या. टाकीजवळ येऊन त्यांनी मला दंडवत प्रणाम केला. आतापर्यंत मला कोणी नमस्कार केला नव्हता. मला बाई आवडल्या.

पेज शिजली, टाकीत आली, मी आत गेलो. आणि लगेच काहीतरी वेगळं वाटलं. अंगाभोवती बुळबुळीत पडदा. पेजेत कसलंतरी जड तेल होतं, आणि ते माझं नव्हतं. मी खात राहिलो, दुसरं करणार काय? पण फेस काही चढेना. चार दिवस टाकी शांत, झाकण कोरडं ठणठणीत.

बॅच संपली, तेल काढलं, काट्यावर ठेवलं. चव्वेचाळीस! रश्मीनं तीनदा मोजलं. मग रडली. तिनं चंद्रकुमार सरांना फोन केला, सरांनी कमिटीला कळवून टाकलं. धनवंताबाईंचा आनंद तर विचारू नका. त्यांनी लगेच प्रेमिलासाठी छोटी शिशी मागितली, कारण ती पुन्हा गरोदर होती, सातवा महिना लागला होता. घरचंच तेल आहे, मग वाट कसली बघायची, असं त्यांचं म्हणणं. रश्मी नाही म्हणाली. सगळी तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या तोंडात थेंब जाणार नाही, हा तिचा नियम होता आणि तो आईलाही लागू होता. धनवंताबाई तोंड फुगवून घरी गेल्या.

मी कष्टानं एकतीस ग्रॅम दिलेलं, आणि वाहवा चव्वेचाळीसची. आयत्या पिठावर रेघोट्या मी आयुष्यात कधी ओढल्या नाहीत. पण खरं सांगतो, मोहही झाला. टाकी राहिली असती, मी राहिलो असतो. कोणाला कळणार होतं?

कळलं ते आसारामभाऊंमुळे, आणि तेही त्यांनी माझं कौतुक करायला तोंड उघडलं तेव्हा.

"मॅडम, या बॅचले मले फडका हाती घ्याचं कामच नाई पडलं," ते म्हणाले. "पाव्हणा शहाणा झाला."

रश्मी हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं वही काढली, अकरा बॅचमधल्या फेसाच्या नोंदी वाचल्या, बाराव्यापुढे चार दिवस नुसतं शून्य. फेस कशानं मरतो हे तिला पाठ होतं. फेस तेलानं मरतो. पण माझं तेल तर माझ्या अंगात असतं, पेजेत नव्हे. मग हे कोणाचं? तिनं आईला फोन लावला.

"माय, कनकीले काही लावलं होतं का?"

"काही नाई लावलं." मग आठवून, "एरंडीचं तेल तेवढं. ते तं दरसाल लावतोच, सोंडे होऊ नये म्हणून."

कीड लागू नये म्हणून घरोघरी वर्षाच्या धान्याला एरंडीच्या तेलाचा हात फिरवतातच. त्यात सांगण्यासारखं काय? भाजीत मीठ घातलं हे कोणी सांगतं का? रश्मीनं लहानपणी स्वतः पाटीभर तांदळाला ते तेल चोळलं होतं, तरी पीठ हातात आल्यावर तिला आठवलं नाही. तिनं जुन्या बॅचचं थोडं तेल आणि या बॅचचं थोडं तेल वेगवेगळ्या नळ्यांत घेतलं आणि दोन्हींत स्पिरिट घालून हलवलं. एरंडीचं तेल स्पिरिटमध्ये विरघळतं, बाकीची तेलं सहसा तशी विरघळत नाहीत. वर आलेलं स्पिरिट तिनं काचेच्या दोन वाट्यांत ओतून उडू दिलं. जुन्याच्या वाटीत जवळपास काहीच उरलं नाही. नव्याच्या वाटीत उरला घट्ट चिकट थर. तिनं बोट लावून हुंगलं आणि डोळे मिटले.

सातव्या महिन्यातल्या बाईच्या पोटात एरंडीचं तेल गेलं तर अवेळी कळा सुरू होऊ शकतात, हे धनवंताबाईंना कोणी समजावायची गरज नव्हती. रश्मीनं फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

मग सरांना फोन. सर काही वाईट माणूस नव्हेत. ते इतकंच म्हणाले की फॉर्मवर एकूण तेल विचारलंय, कोणाचं ते विचारलेलं नाही. आत्ता टाकी वाचवा, पुढच्या बॅचला भरून काढा. रश्मी खिडकीजवळ उभी होती. मी नळीतून तिच्याकडे बघत होतो, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"सर," ती म्हणाली, "जे तेल मी माझ्या वहिनीला देणार नाही, ते दुसऱ्या कोणाच्या वहिनीला कसं देऊ? आणि ते तेल त्याचं नाहीच."

त्याचं म्हणजे माझं. इतक्या वर्षांत माझं तेल माझं आहे असं म्हणणारी ती पहिलीच. मला फार बरं वाटलं. भीतीही वाटली, पण बरं जास्त वाटलं. सरांनी उसासा टाकून कमिटी आठ दिवस पुढे ढकलून घेतली.

धनवंताबाई पुढच्या गाडीनं आल्या. रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही, आल्या आल्या टाकी घासायला बसल्या. मिल सुरू झाली होती, नवी कनकी आली. रश्मी पेजेत सोयाबीनचं पीठ घालू लागली. काळजीपोटी तिचा हात सढळ होता. मी कमी तेल देतो म्हणजे उपाशी असेन, असं समजून ती दर बॅचला मूठभर वाढवायची. धनवंताबाईंनी विचारलं, हे काय घालतेस? त्याचं खत समज, रश्मी म्हणाली.

"एवढं?" बाईंनी तिचा हात धरला. "धानाले जास्त युरिया देल्ला का काय होते, इसरली का? नुसतं हिरवंगार माजते, लोंब्या पोचट राह्यतात."

अगं माउली! अकरा बॅच मी हेच तर ओरडत होतो. खत मिळत राहिलं की मी नुसता वाढत राहतो. पेज भरपूर आणि खत संपलं, की मग मी पुढच्या दिवसांची सोय म्हणून तेल साठवतो. रश्मी हातातलं पीठ तसंच धरून उभी राहिली. मग वही चाळली. चौतीस आले होते ती नववी बॅच, आणि त्या आठवड्यात सोयाबीन संपलं होतं. पुस्तकात हे तिनं शिकलेलं होतं, पण लेकराला वाढणाऱ्या हाताला पुस्तक आठवत नाही. तिनं खत अर्ध्यावर आणलं.

दुसऱ्या दिवशी फेस चढला. चार बोटं. आसारामभाऊ फडका घेऊन पुसू लागले, आणि या वेळी त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइनच्या कामासाठी वीज गेली. हवा बंद म्हणजे मी खलास. आसारामभाऊ धावत जाऊन पंक्चरच्या दुकानातून पायानं मारायचा पंप घेऊन आले. गाळणी लावून नळी टाकीला जोडली आणि पाय मारायला लागले. ते थकले की धनवंताबाई. दोघांचं वय मिळून सव्वाशेच्या वर. बाई प्रत्येक पावलाला पुटपुटत होत्या, दंडवत प्रणाम, दंडवत प्रणाम. अडीच तास. हवा अर्धीच येत होती, माझे लाखो जण गेले, पण मी दम सोडला नाही. ही दोन म्हातारी माणसं माझ्यासाठी श्वास ओढत होती, तर मी कसा मरणार?

बॅच संपली. काट्यावर आलं, अडतीस.

अडतीस म्हणजे दोन कमी. कमिटीनं कागद वाचला. एरंडीच्या थराची वाटीही पाहिली, कारण रश्मीनं ती टेबलावर मांडून ठेवली होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि नियम तो नियम म्हणून टाकी परत मागितली. मंगळवारी टेम्पो आला. आसारामभाऊंनी टाकी आरशासारखी चकचकीत पुसून दिली. रश्मी दारात उभी होती. सर हळूच म्हणाले की चव्वेचाळीसचा कागद ठेवला असता तर...

"दोनच राहिलेत सर," रश्मी म्हणाली. "ते आणते."

त्याला तीन महिने झाले. आता मी वीस लिटरच्या काचेच्या दोन बरण्यांत राहतो. हवेसाठी घरातल्या शोभेच्या माशांच्या पेटीला लावतात तो पंप आहे. तो चंद्रकुमार सरांनी स्वतःहून पाठवला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. पंपाच्या खोक्यावर माशाचं चित्र आहे. मेल्यानं इथंही पाठ सोडली नाही. पण हवा चांगली देतो, म्हणून सोडून दिलं.

प्रेमिलाला पौषात मुलगी झाली. ठणठणीत आहे. माझं तेल तिच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही, याची मला हळहळ वाटते. पण चुकीचंही पोचलं नाही. मागच्या बॅचला एकोणचाळीस आले. उरलेला एक मी देणार, लिहून ठेवा. त्यानंतरही तपासण्या आहेत, कागद आहेत, वर्षं जातील. जाऊ द्या. मी करोडो वर्षं पानं कुजवत काढली आहेत, मला वाट बघण्याचं कौतुक सांगू नका.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी एखाद्या दुकानात मासा न मारता काढलेल्या तेलाची बाटली दिसली, तर बाटलीवर चित्र कोणाचं आहे ते बघू नका. ज्यानं कष्ट केले त्याची एकदा आठवण काढा, आणि शक्य झालं तर ज्यांनी त्याला पेज घातली त्यांचीही.

काल धनवंताबाई आल्या होत्या. डब्यात कनकी. तिला तेलाचा हात लावलेला नसतो, त्यामुळे तिला सोंडे होतात. म्हणून दर रविवारी त्या ती सुपात घेऊन उन्हात बसतात आणि एकेक सोंडा बोटानं उचलून टाकतात. रश्मीनं कितीदा सांगितलं, मिलमधली मिळते, कशाला त्रास? ऐकत नाहीत.

"कोरडी हाय," डबा टेकवत त्या म्हणाल्या. "हात बी साबणानं धुऊन भरली."

त्याच वेळी बरणीत फेस चढायला लागला. दोन बोटं, तीन बोटं, चार. झाकणापाशी आला, नळीतून बाहेर डोकावला. आसारामभाऊ सवयीनं फडका घेऊन पुढे झाले, तर धनवंताबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "सांडू द्या थोडा. मले पाहू द्या."